वाचक लेख घेऊन वाटेला लागतो: भटकंतीचा अंक संपादित करणाऱ्यांसाठी

कथा वाचून कुणी पायांत बूट चढवत नाही. भटकंतीचा लेख वाचून चढवतात. रविवारी सकाळी सातारा स्टँडवर उतरणाऱ्या पोरांच्या मोबाइलमध्ये अंकातल्या पानाचा फोटो असतो, आणि 'पुढे डावीकडे वळावे' असं त्यात छापलं असेल तर ती पोरं डावीकडे वळतात. म्हणून अशा अंकाच्या संपादकाचं काम भाषेपासून सुरू होत नाही, वाटेपासून सुरू होतं.

आमच्या भटक्या मंडळींचा दरवर्षी दिवाळीला अंक निघतो. त्याचं संपादन बरीच वर्षं माझ्याकडे आहे. घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, सासरचा धंदा छपाईचा, त्यामुळे डोंगर आणि प्रूफं दोन्ही घरचीच. आता मंडळातली तरुण मुलं हे काम हातात घेऊ म्हणतात, त्याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांच्यासाठी आणि असा अंक काढणाऱ्या कुणासाठीही हे लिहिते आहे.

लेख आषाढ-श्रावणात यायला लागतात. गणपती उठले की मजकूर छपाईला गेला पाहिजे. म्हणजे हातात दोन-अडीच महिने असतात. त्यातला निम्मा वेळ पहिल्या वाचनाला द्या.

वाट कागदावर काढून बघा

पहिल्या वाचनात शुद्धलेखनाला हात लावू नका. ऱ्हस्व-दीर्घ पुढे बघता येईल. एक कोरा कागद घ्या आणि लेखकाने जे लिहिलंय तेवढ्यावरच वाट काढत जा. पायथ्याचं गाव, तिथून मंदिर, मंदिरामागून ओढा, ओढ्यापलीकडे खिंड. जिथे पेन्सिल थांबते, तिथे प्रश्न लिहा. बहुतेक लेखांत ती तीन-चार ठिकाणी थांबतेच. लेखक वाटेवरून गेलेला असतो, त्याच्या डोळ्यांपुढे सगळं असतं. त्यामुळे त्याला ती फट दिसत नाही. आपण गेलेलो नसलो तर उलट बरंच.

मग तो कागद नकाशाशेजारी ठेवा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 चे नकाशे या कामाला उत्तम. त्यांत समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, 20-20 मीटरवर असतात, त्यामुळे 'हलकासा चढ' खरंच हलका आहे का ते रेषा मोजून कळतं. उपग्रहाच्या चित्रात वाट दिसली म्हणून ती पावसाळ्यानंतरही असेल असं धरू नका. गवत वाढलं की आमच्याकडच्या निम्म्या वाटा भाद्रपदात गायब होतात.

डावं-उजवं हा तर कायमचा घोळ. कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्याचंच घ्या. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून मेट इंदवलीला उतरलं की जंगलातून वाट चढते, आणि पुढे एका फाट्यावर एक वाट वासोट्याला आणि दुसरी नागेश्वराला जाते. दोन्ही करून आलेला लेखक 'फाट्यावर डावीकडे' असं लिहितो, तेव्हा तो चढताना लिहितोय की नागेश्वराहून परत येताना? त्याला माहीत असतं. वाचकाला कळायला मार्ग नसतो. अशा वेळी 'चढताना', 'गडाकडे तोंड केल्यावर', 'ओढा डाव्या हाताला ठेवून' असे शब्द लेखकाकडून मागून घ्या आणि शक्य असेल तिथे दिशाही घाला. दोन शब्द वाढतात, एखाद्याचा दिवस वाचतो.

उंचीचे आकडे तपासायचेच. लेखक बहुधा समुद्रसपाटीपासूनची उंची देतात, कारण तीच सगळीकडे सापडते. पण चालणाऱ्याला लागते ती पायथ्यापासूनची चढाई. अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून साधारण 1000 मीटर आहे, पण सातारा शहरच 700 मीटरच्या वर वसलंय. म्हणजे पायाला लागतो तो 300 मीटरच्या आतबाहेरचा चढ. कास पठार 1200 मीटरच्या आसपास, आणि तिथे गाडीतून उतरलं की चढ नाहीच. दोन्ही आकडे छापा, कुठला कशाचा ते सांगा, आणि मीटर की फूट हे सगळ्या अंकात एकच ठेवा.

वेळेच्या बाबतीत लेखकावर विश्वास ठेवा, पण पडताळाही करा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक आडाखा दिला तो आजही उपयोगी पडतो: सपाटीवर तासाला 5 किलोमीटर, आणि प्रत्येक 600 मीटर चढाईला वर एक तास. समजा वाट 4 किलोमीटर आणि चढ 500 मीटर. चालायची 48 मिनिटं, चढाची 50, म्हणजे न थांबता एक तास चाळीस मिनिटांच्या आसपास. लेखक 'तासाभरात माथा गाठला' म्हणत असेल तर तो खोटं बोलत नाही, तो दर रविवारी डोंगरात जाणारा असतो. त्याचा तास त्याच्या लेखात राहू द्या. लेखासोबतच्या माहितीच्या चौकटीत मात्र अडीच तास लिहा. सोबत मुलं असतील, कुणी पहिल्यांदा येत असेल, पाणी प्यायला थांबणं आहे, निसरडी माती आहे.

आणि महिना. हा प्रश्न मी प्रत्येक लेखकाला विचारते: कधी गेला होतात? 'गडावर पिण्याच्या पाण्याचं टाकं आहे' हे वाक्य नोव्हेंबरात खरं असतं आणि एप्रिलमध्ये धोक्याचं ठरू शकतं. अंक दिवाळीत निघतो, पण तो लोकांच्या घरी वर्षभर, कधी कधी दहा वर्षं राहतो. म्हणून 'टाक्यात जानेवारीत पाणी होते' असं छापा. जे लेखकाने पाहिलं ते आणि पाहिलं तो महिना. लाँचचं भाडं, प्रवेशशुल्क, एसटीच्या वेळा यांनाही हाच नियम. माहितीच्या चौकटीखाली ती कोणत्या महिन्याची आहे हे लिहिल्याशिवाय मी पान सोडत नाही.

परवानगीचं लेखकाच्या सांगण्यावर ठेवू नका. वासोटा कोयना अभयारण्यात येतो. हे अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे वन विभागाची परवानगी लागते, पावसाळ्यात वाट बंद असते, गडावर मुक्काम करता येत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी माथ्यावर रात्र काढलेली ज्येष्ठ मंडळी त्या रात्रीबद्दल सुंदर लिहितात. ते लेख छापावेत, जरूर छापावेत, पण पानावरच ठळक सांगावं की आता हे करता येत नाही. अंक छपाईला जायच्या आठवड्यात वन विभागाच्या कार्यालयात एक फोन करा. नियम बदलतात.

लेखकाशी फोनवर बोला

प्रश्नांची यादी तयार झाली की ती व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळं होऊ नका. फोन करा. एक तर लेखक दुखावत नाही. दुसरं असं, की लेखात जे यायला हवं होतं ते माणसं फोनवर सांगतात.

आमच्याकडे एका तरुण मुलाचा वासोट्यावरचा लेख आला होता. त्यातला एक परिच्छेद असा:

'पहाटेच्या मंगल समयी आम्ही निसर्गदेवतेच्या कुशीत शिरलो. घनदाट अरण्यातून नागमोडी वाटेने मार्गक्रमण करीत, घामाच्या धारा पुसत अखेर आम्ही गडमाथा सर केला. समोरील विहंगम दृश्य पाहून डोळ्यांचे पारणे फिटले.'

यातलं एक वाक्यही वासोट्याचं नाही. हाच परिच्छेद राजगडाला लावा, हरिश्चंद्रगडाला लावा, बसतो. मी त्याला फोन केला. "बाळा, जंगलात शिरल्यावर पहिल्यांदा काय जाणवलं?" तो म्हणाला, "काकू, पाचोळ्याचा आवाज. आम्ही सात जण होतो आणि इतका आवाज होत होता की कुणी बोलत असलं तरी ऐकू येईना. म्हणून आम्ही बोलणंच बंद केलं." मग वासोट्यावरच्या बाबू कड्याविषयी विचारलं. तर म्हणाला, "तिथं वारा खालून येतो. कोकणातून वर. टोपी उडू नये म्हणून लोक वरून दाबून धरतात, मी हनुवटीपाशी धरली होती." मी त्याला म्हटलं, "हे जे आत्ता बोललास ना, हेच लिहून पाठव. जसंच्या तसं."

छापला तो परिच्छेद असा:

'लाँचमधून उतरलो तेव्हा साडेनऊ झाले होते. जंगलात शिरलो आणि पाचोळ्याचा आवाज सुरू झाला. सात जणांच्या चौदा पायांखाली तो इतका वाजत होता की पुढच्याचं बोलणं मागच्याला ऐकू येईना. हळूहळू सगळेच गप्प झाले. बाबू कड्यापाशी मात्र पाचोळा नव्हता. तिथे नुसता वारा, आणि तोही खालून, कोकणातून वर येणारा. मी टोपी हनुवटीपाशी धरून बसलो.'

यात माझा एकही शब्द नाही. संपादकाने लेखकाच्या तोंडून बाहेर पडलेलं त्याच्याच लेखात परत नेऊन ठेवायचं, त्यापलीकडे जायचं नाही. आपल्याला छान वाक्य सुचलं तरी ते आपल्या लेखासाठी ठेवावं. एका अंकात पंधरा लेख आणि सगळ्यांचा आवाज संपादकाचा, असे अंक मी पाहिलेत. चार पानांनंतर ते वाचवत नाहीत.

फोनवर आणखी एक गोष्ट बाहेर येते: जे लेखकाने गाळलेलं असतं. कड्याला आग्या मोहोळं होती म्हणून सगळे दबक्या पावलांनी गेले, कुणीतरी अत्तर लावून आला होता त्याला मागे ठेवलं. हे लेखात नसतं, कारण लिहिणाऱ्याला वाटतं वाचक घाबरेल. मला वाटतं वाचकाला हे कळलंच पाहिजे. उग्र वासाने, धुराने, आरडाओरडीने माशा उठतात, आणि कड्याच्या वाटेवर पळायला जागा नसते. लेखकाला सांगून हा मजकूर लेखात घ्या, नाहीतर चौकटीत घ्या.

उलट प्रकारही येतो. दोर न घेता घळ उतरल्याचं, पुराच्या पाण्यातून ओढा ओलांडल्याचं वर्णन फुलवून येतं. घडलं असेल तर ते लपवू नये. पण 'थरार' हा शब्द मथळ्यात देऊ नये आणि तो फोटो मुखपृष्ठावर घेऊ नये. अठरा वर्षांचा मुलगा मथळा वाचून निघतो, आतला इशारा वाचत बसत नाही.

गावकऱ्याचं बोलणं आलं तर ते प्रमाण मराठीत आणू नका. "औंदा टाक्यात पाणी न्हाई ऱ्हायलं" हे वाक्य 'यंदा टाक्यात पाणी राहिले नाही' असं केलं की बोलणारा माणूसच पानावरून उठून जातो. फक्त लेखकाने ते खरंच ऐकलेलं असावं, शहरातल्या माणसाने बनवलेली गावरान भाषा लगेच कळते. आणि 'एक म्हातारा गावकरी' वाट दाखवतो असं असेल, तर त्याचं नाव विचारा. तो वाट दाखवायला तीन तास चालला असेल तर त्याचं नाव यायला हवं. अर्थात त्याला विचारून. फोन नंबर तर त्याच्या स्पष्ट होकाराशिवाय कधीच छापू नये.

जागेच्या वतीने विचार करा

लेखक आणि वाचक यांच्याबरोबर तिसरा एक पक्ष असतो, ती जागा. तिची बाजू मांडायला संपादकाशिवाय कुणी नसतं.

कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. त्याआधी आणि त्यानंतर तिथे किती गर्दी झाली हे साताऱ्यात राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. शेवटी रोजच्या पर्यटकांवर 3000 ची मर्यादा घालावी लागली. फुलं पठारावरच्या अगदी पातळ मातीवर उगवतात, आणि पायाखाली फुलाबरोबर ती मातीही दबते. अशा जागेबद्दल लिहूच नये असं मी म्हणत नाही. कासचं पठार सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे व्यवस्था आहे. पण त्याच जातीची लहान पठारं आमच्या जिल्ह्यात आणखी आहेत, आणि तिथे कसलीच व्यवस्था नाही. तिथला लेख आला की मी जागेचं नाव ढोबळ ठेवते: 'जावळी तालुक्यातलं एक पठार'. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश काढून टाकते. फोटोच्या फाइलमध्येही ते दडलेले असतात, डिजिटल अंक काढत असाल तर तेही पुसा.

वायतुरा या पाणवनस्पतीचं उदाहरण माझ्या फार जवळचं. अपोनोजेटॉन सातारेन्सिस हे त्याचं शास्त्रीय नाव. पठारावर साचलेल्या उथळ पाण्यात येतो, मोजक्याच ठिकाणी. त्याच्यावरचा लेख आला तर पानभर जागा द्या, फुलाचा फोटो मोठा छापा, पाणी किती दिवस टिकतं, कंद कसा जगतो हे सगळं येऊ द्या. डबकं कुठल्या रस्त्याच्या कोणत्या वळणापाशी आहे, तेवढं काढा. शिकारी पक्ष्यांची घरटी, वटवाघळांच्या गुहा, कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती यांनाही हेच. लेखक कधी कधी रागावतो, त्याला वाटतं त्याचा शोध लपवला. त्याला शांतपणे कारण सांगा. बहुतेक जण ऐकतात, कारण त्यांचंही त्या जागेवर प्रेम असतं.

फुलांच्या नावांबाबत दक्ष राहा. 'जांभळी फुलं' एवढ्यावर भागवू नका. सीतेची आसवं पण जांभळी-निळी आणि कारवीही. पहिली वीतभरही नसते आणि कीटक खाते, दुसरी झुडूप असून साधारण सात वर्षांनी फुलते. लेखक म्हणतो गेल्या वर्षीही कारवीचा डोंगर फुलला होता आणि यंदाही, तर फोटो मागवा, पानाचाही मागवा. स्थानिक नाव आधी, शास्त्रीय नाव नंतर, आणि खात्री नसेल तर शास्त्रीय नाव नकोच.

'अस्पर्श', 'निर्मनुष्य', 'मानवी पाऊल न पडलेलं' हे शब्द कोयनेच्या खोऱ्याविषयी आले तर मी ते काढतेच. 1960च्या दशकात कोयना धरणाचं पाणी भरलं आणि गावंच्या गावं उठली. आज आपण लाँचमधून ज्या पाण्यावरून जातो त्याच्या तळाशी लोकांची शेतं आहेत. मेट इंदवली हे गाव होतं. तिथली माणसं गेली, नाव उरलं. त्यांची नातवंडं हा अंक वाचतात. तिथल्या जंगलाला निर्मनुष्य म्हणताना ते कसं झालं याची एक ओळ लेखकाकडून जरूर मागा.

इतिहासाचं मी थोडक्यात सांगते, कारण ते वेगळ्या जाणकाराचं काम आहे आणि तुम्हीही ते जाणकाराकडूनच तपासून घ्या. प्रत्येक किल्ला महाराजांनी बांधला असं नाही, आणि प्रत्येक लेणं पांडवांचं नाही. गावात सांगतात ती गोष्ट 'गावात सांगतात' म्हणूनच छापा, ती गाळू नका. अजिंक्यताऱ्याला औरंगजेबाचा वेढा डिसेंबर 1699 मध्ये पडला आणि एप्रिल 1700 मध्ये गड त्याच्या हाती गेला, किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो इतके महिने झुंजवला. असा मजकूर आला की साल दोन ठिकाणी ताडून बघा. 1885 चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर जुनं आहे, पण सुरुवात करायला चांगलं. प्रतापगड 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत आला, त्यामुळे त्याच्यावरचे जुने लेख परत छापायचे असतील तर ती भर घाला.

फोटोंसाठी लेखकांना आधीच सांगून ठेवा: व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर फाइल आक्रसते आणि पानभर छापल्यावर गडाचे दगड पिठासारखे दिसतात. पावसाळी हिरवे फोटो पडद्यावर चमकतात आणि कागदावर काळपट येतात, म्हणून छपाईआधी एक पान प्रत्यक्ष काढून बघा. फोटोओळीत जागा, महिना आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठे होतं हे हवं. 'निसर्गाचा आविष्कार' ही फोटोओळ नव्हे.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा मात्र बारकाईने. खास करून गावांची आणि गडांची नावं. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकातून (फाँटमधून) युनिकोडमध्ये मजकूर आणताना जोडाक्षरं फुटतात, 'र्‍या' आणि 'ऱ्या' बिघडतात, म्हणून रूपांतरानंतर एक पूर्ण वाचन कागदावरच करा. मथळे, चौकटी आणि आकडे एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवायचं. आमच्या घरी हे काम रात्री जेवणं झाल्यावर चालतं आणि त्यात शाळकरी मुलंही आनंदाने बसतात.

पान तयार झालं की त्याची पीडीएफ लेखकाला पाठवा आणि दोन दिवस द्या. तुम्ही केलेला प्रत्येक मोठा बदल त्याला दिसला पाहिजे. त्याने नकार दिला आणि बदल भाषेचा असेल तर त्याचं ऐका. बदल वाटेचा, पाण्याचा, परवानगीचा किंवा धोक्याचा असेल तर ऐकू नका, तिथे जबाबदारी अंकाची असते. तरीही जमलं नाही तर लेख पुढच्या वर्षी घ्या, पण तसाच छापू नका.

अंक बाहेर पडल्यावर एक प्रत बाजूला काढा. वाचक फोन करून सांगतील: फाट्यावरची पाटी पडली, शिडी नवी बसवली, एसटीची वेळ बदलली. ते सगळं त्याच प्रतीवर त्या त्या पानाच्या समासात तारखेसह लिहीत जा. पुढच्या वर्षी लेखांची जमवाजमव सुरू होईल तेव्हा पहिली बैठक तीच प्रत मध्ये ठेवून घ्या, आणि त्यातल्या दुरुस्त्यांना नव्या अंकाचं पहिलं पान द्या.